गाण्याआधीचं बोलणं

सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माणिकराव उजगरे तीनशे अठ्ठ्याऐंशी क्रमांकाच्या कॅसेटचे पाचही स्क्रू काढून बसले होते. आतली फीत दोन ठिकाणी चुरगळलेली होती आणि एका ठिकाणी तुटलेली. तुटलेली टोकं त्यांनी ब्लेडनं तिरकी कापली, पट्टीवर एकमेकांना भिडवली, मागून नखाएवढी चिकटपट्टी लावली आणि अंगठ्यानं दाबून धरली. काप तिरकाच लागतो. सरळ कापलं तर गाण्यात त्या जागी ठोका ऐकू येतो. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. चौदा कॅसेटी वाया गेल्यावर ते समजलं.

दिंद्रुडच्या बुद्धविहाराला लागून असलेल्या या खोलीत पूर्वी सतरंज्या आणि पंगतीची भांडी असायची. आता चार लोखंडी मांडण्या आणि सहाशे बारा कॅसेटी आहेत. यांतली एकही बाजारातून आणलेली नाही. गावोगावच्या गायन पार्ट्यांनी जयंतीला, लग्नात, नामकरणाला, विहाराच्या उद्घाटनाला, मयतानंतरच्या पुण्यानुमोदनाला जे म्हटलं ते यांत आहे. सगळ्यात जुनी कॅसेट १९७९ची, शेवटची २००३ची. पाचशे एकाहत्तर कॅसेटी माणिकरावांनी स्वतः मंडपात पुढं बसून, टेप मांडीवर घेऊन भरल्या. उरलेल्या एकेचाळीस लोकांनी आणून दिल्या.

माणिकराव आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. नोकरीतली बावीस वर्षं त्यांनी माजलगावच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत काढली, आणि गाण्यांची वही कशी लिहायची हे ते तिथंच शिकले. खिडकीशी येणारा माणूस गाडीचा मार्ग विचारत नाही. "काल आमची म्हतारी गेली ती गाडी कधी हाय?" असं विचारतो. "त्या दाढीवाल्या कंडक्टरची लागली का?" असं विचारतो. वेळापत्रक भिंतीवर असतं, बिनचूक असतं, आणि त्याच्या काही कामाचं नसतं, कारण त्याच्या डोक्यात गाडी वेगळ्याच नावानं राहते.

म्हणून त्यांच्या वहीला सात रकाने आहेत. क्रमांक, गाव, तारीख, पार्टी, पहिली ओळ, लेखक. सातवा रकाना असा: काय म्हणून विचारतात. एक हजार नऊशे चार क्रमांकाचं गाणं शिक्षणावर आहे. सातव्या रकान्यात त्याच्यापुढं "लाइट गेल्याचं" असं लिहिलंय. १९९१ला सादोळ्यात ते चालू असताना लाइट गेली, पार्टीनं माईकवाचून ते पुरं केलं, आणि माणिकरावांचा टेप सेलवर असल्यामुळं ते वाचलं. गाणं कशावर आहे हे त्या गावात आज कुणाला सांगता येत नाही. लाइट गेलेली सगळ्यांना आठवते. असंच एक "नवरदेव रुसल्याचं" आहे, एक "दुसरा पाळणा" आहे आणि एक नुसतं "मामीचं" आहे.

सकाळी आठ ते दहा फोन चालू असतो. लोक विचारतात, माणिकराव वही बघतात, गाणं व्हॉट्सॲपवर जातं आणि गाण्याखाली वहीतली सगळी ओळ लिहून जाते. कॅसेटीतली गाणी संगणकात भरण्याचं काम त्यांची सून वनिता करते. ती गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा सुटल्यावर दोन तास या खोलीत बसते. सात वर्षांत चार हजार तीनशे चाळीस नोंदी झाल्या. त्यांची सूची पहिल्यांदाच पुस्तक म्हणून छापायची ठरली होती. पाचशे प्रती, अशोक विजयादशमीला चाळीस गावांच्या विहारांत वाटायच्या. पानं शनिवारी माजलगावच्या छापखान्यात द्यायची होती.

सहाव्या रकान्याबद्दल माणिकराव फार कडक होते. सुरुवातीला कुणी सांगेल ते नाव ते लेखक म्हणून लिहायचे. मग एकाच गावातली दोन घरं एका गाण्यावरून भांडली. दोघांचेही आजोबा लेखक. विहारात बैठक बसवावी लागली. त्यानंतर माणिकरावांनी नियम केला. या गाण्यांत शेवटच्या कडव्यात नाव येतं. त्याला छाप म्हणतात. ज्याची छाप, त्याचं गाणं. दुसरं काही ऐकायचं नाही. "तिकिटावर जे गाव हाय तिथंच उतरायचं," असं ते येणाऱ्याला सांगत. त्यानंतर भांडण झालं नाही.

सोमवारी आठ पंचविसाला फोन आला.

"जयभीम. गाणी हुडकून देनारे तुमीच का?"

"जयभीम. बोला आक्का, कोन्या गावावरून?"

"तलवाडा. सिंधुबाई मस्के म्हनत्यात मला. पर गाणं सिरसाळ्याचं हाय. खडीचं."

सातव्या रकान्यात "खडीचं" एकच होतं. क्रमांक सहाशे सतरा. सिरसाळा, ११ मे १९८६, शाहीर बंकट आणि पार्टी. पहिली ओळ, "खडी फोडिता फोडिता अक्षर मोजिते". लेखक, शाहीर बंकट. माणिकरावांनी दोन मिनिटांत गाणं पाठवलं. शोधायला वेळ लागला नाही याचं त्यांना नेहमीसारखं बरं वाटलं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी त्याच नंबरावरून पुन्हा फोन आला.

"दादा, गाणं भेटलं. लई साफ हाय. पर माझ्या नातीनं, राजश्रीनं, खालचं वाचून दाखवलं. तितं बंकटभाऊचं नाव कावून घातलंय?"

"लेखक हायत ते."

"कोन म्हनलं?"

"गाणंच म्हनतंय. शेवटचं कडवं ऐका. 'बंकट म्हणे' हाय का न्हाई?"

"हाय ना. ती छाप हाय. गाणं माजं हाय."

असं सांगणारी ही बारावी व्यक्ती होती. माणिकरावांनी आधीच्या अकरांना विचारलं तेच विचारलं.

"आक्का, पुरावा काय? वही, कागद, दुसरी कॅसेट?"

"मला तवा लिवता येत नव्हतं. मी सांगितलं, बंकटभाऊनं लिवून घेतलं. वही त्याची. आन पुरावा कशाला पायजे, त्यानं माईकवर सांगितलंतं. आख्ख्या मंडपाला."

"टेपमधी तसं काय न्हाई."

"कसं आसंल? कुनी बोलाया लागलं की तुमी बटण दाबायचे."

माणिकरावांनी वही मिटली.

"निळा सदरा व्हता तुमच्या अंगात. मी म्होरंच बसलेते, पोरगी मांडीवर घिऊन. गाणं सपलं की टक, सुरू झालं की टक. मला वाटलं, ह्यो बाबा बोलनाऱ्यावर रुसलाय का काय."

ते खरं होतं. साठ मिनिटांच्या कॅसेटीत सलग भरलं तर पाच गाणी मावायची. मधलं बोलणं गाळलं तर नऊ. शाहीर मंडळी दोन गाण्यांच्या मधे खूप बोलायची. आलेल्यांना रामराम-जयभीम, कुणाच्या मिशीवर कोटी, कुणी बक्षीस दिलं तर त्याचं नाव, बायकांनी कुठं बसायचं याच्या सूचना. माणिकरावांनी टेपचं पॉजचं बटण इतकं वापरलं होतं की तीन टेपांची ती बटणं झिजून गेली. बोलणं म्हणजे वाया गेलेली फीत, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी चोवीस वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं.

"आक्का, मी बघतो," ते म्हणाले.

"बघा. ते पुस्तक काडताय म्हनं तुमी. त्यात ह्येच छापनार का?"

"शनिवारी पानं जायचीत."

"मी चौऱ्याहत्तरची हाय, दादा. पुन्ना कवा छापनार?"

पहिल्या छपाईला सात वर्षं लागली होती. आणि छापलेलं पुस्तक चाळीस विहारांत गेल्यावर त्यातलं नाव पक्कं होतं. मग फोन करून सांगणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही. त्यांनी स्वतःच कधी ऐकलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर वनिता आली. माणिकरावांनी तिला सकाळचं सगळं सांगितलं, बटणासकट. तिनं ऐकून घेतलं, संगणक उघडला आणि चौथा आणि सहावा रकाना शेजारी शेजारी आणले. एकात पार्टीचा प्रमुख, दुसऱ्यात लेखक. मग दोन्हींत एकच नाव असलेल्या ओळी मोजायला लावल्या.

"मामा, चार हजार तीनशे चाळीसपैकी तीन हजार एकशे आठ."

"काय तीन हजार?"

"पार्टीवाला आणि लेखक एकच. इतके सगळे शाहीर आपलीच गाणी म्हणत होते का? दुसऱ्या कुणी काही लिहिलंच नाही?"

माणिकरावांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"म्हणजे गाणं कुणी रचलं ते आपण लिहिलंच नाही," वनिता म्हणाली. "कुणाच्या पार्टीनं म्हटलं, ते दोनदा लिहिलं."

"शाळेतल्या पोरावानी बोलू नको मला."

"शाळेतल्या पोराला मी याचे मार्कही दिले नसते, मामा."

खालच्या मांडणीत एक पुठ्ठ्याची पेटी होती. तिच्यावर माणिकरावांच्याच अक्षरात लिहिलं होतं: बडबड. लोकांनी आणून दिलेल्या एकेचाळीसपैकी तेवीस कॅसेटी तिच्यात पडून होत्या. त्यांना क्रमांक नव्हते, वहीत नोंद नव्हती. यांतल्या नऊ सिरसाळ्याच्या पप्पूनं दिलेल्या. पप्पूचा मंडप आणि स्पीकरचा धंदा होता. कार्यक्रम सुरू झाला की तो स्पीकरच्या पेटीलाच टेप जोडायचा, बटण दाबायचा आणि जेवायला जायचा. जेवून आला की कॅसेट उलटायचा. त्यामुळं त्याच्या कॅसेटीत कुणी माईक झटकलेला, खोकलेला, भांडलेला, सगळंच येतं. "यात गाण्यापरीस तोंडंच जास्ती," असं म्हणून माणिकरावांनी त्या बाजूला टाकल्या होत्या. पप्पूला तेव्हा त्याचा राग आला होता. "माजं मशीन कुनाला मधीच गप करत न्हाई," असं तो म्हणाला होता आणि चहा न घेता गेला होता.

मंगळवारी माणिकरावांनी फोनवर लिहून टाकलं की दोन दिवस गाणी मिळणार नाहीत. सात वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मग ते पप्पूच्या कॅसेटी लावून बसले. पुढं पळवून ऐकता येत नाही. पळवलं की बोलणं आणि ढोलकी यांतला फरक कळत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते.

पहिल्या कॅसेटीत पाण्याच्या टाकीजवळ पिवळ्या फ्रॉकातली मुलगी सापडली होती. आईबापांनी घेऊन जावी. ही सूचना चार वेळा झाली, मग एक बाई माईकवर येऊन रडत रडत मुलीलाच शिव्या देऊन गेली. दुसऱ्या कॅसेटीत रस्त्यात सोडलेल्या बैलगाडीच्या मालकाला बोलावलं होतं. तिसरीत एका म्हाताऱ्यानं तेच गाणं पुन्हा म्हणा म्हणून सव्वा रुपया दिला, पार्टीनं दुसरं म्हटलं, आणि त्यानं सव्वा रुपया परत मागितला. माणिकराव एकटेच हसले. पण हसता हसता त्यांनी पेन्सिल उचलली, कारण मधेच कुणीतरी सांगून गेलं होतं: "हे गाणं टाकरवणच्या गुरुजींनी लिवून धाडलंय." त्या गाण्यापुढं त्यांच्या वहीत पार्टीवाल्याचं नाव होतं.

मंगळवार असा गेला. बुधवारी दुपारी चार वीसला, पाचव्या कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूला, शाहीर बंकट बोलू लागले. आवाज गाण्यातल्यापेक्षा बारीक होता आणि थोडा घाईचा.

"आता म्हननार हाय ते आपल्या सिंधूचं गाणं. आपल्या गावची लेक, तलवाड्याला दिलेली. रोजगार हमीवर खडी फोडती आन गाणी जुळवती. मी निस्ती चाल लावलीय. छाप माझी पडंल, पार्टीचा रिवाज हाय तो, पर शब्द तिचं. सिंधे, कुठं हायस? उभी ऱ्हा. लाजू नको, उभी ऱ्हा!"

बायकांत हसू. "उठ की गं," असं कुणीतरी म्हणतं. मग ढोलकी.

माणिकरावांनी लगेच काही ठरवलं नाही. त्यांनी आपली सहाशे सतरा क्रमांकाची नोंद काढली आणि दोन्ही लागोपाठ ऐकल्या. तिसऱ्या कडव्यात दोन्हींत एकाच जागी लेकरू रडतं. शेवटच्या कडव्याआधी ढोलकीवाला दोन्हींत एक मात्रा चुकतो. कार्यक्रम तोच, गाणं तेच. फरक इतकाच की त्यांच्या कॅसेटीत ढोलकीआधी फक्त "टक" असा आवाज होता. ती जागा त्यांनी चार वेळा ऐकली. एका टकेत पंचवीस सेकंदं गेली होती.

शाहीर बंकट २००५ साली वारले. त्यांचा मुलगा संजय सिरसाळ्यात घरगुती वायरिंगची कामं करतो. पुस्तकात बापाची दोनशेहून जास्त गाणी येणार म्हणून त्यानं गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नाव बदलायचं तर ते छापून झाल्यावर त्याला कळू नये, म्हणून माणिकरावांनी बुधवारी संध्याकाळीच फोन केला. गुरुवारी सकाळी संजय मोटरसायकलवर आला आणि दारातच उभा राहिला.

"काका, आदी तुमी गाणी वाटायचे. आता आमचा बाप बी वाटाया लागले का?"

"बस आधी."

"बसत न्हाई. माझ्या बापानं दुसऱ्याची गाणी आपली म्हनून म्हटली, आसं छापनार तुमी? आख्ख्या जिल्ह्यात?"

"त्यानं नव्हती म्हटली. त्यानं सांगितलंतं, मीच लोकांना ऐकू दिलं न्हाई. बस बे, संजय."

त्यांनी कॅसेट लावली. "आपल्या सिंधूचं" या शब्दांना संजयनं तोंड उघडलं होतं. "छाप माझी पडंल"ला ते मिटलं. "उभी ऱ्हा"पर्यंत तो खुर्चीवर बसला होता. ढोलकी सुरू झाल्यावर माणिकरावांनी थांबवलं.

"पुन्ना लावा."

त्यांनी पुन्हा लावली.

"घरी सहा कॅसेटी हायत आमच्या," संजय म्हणाला. "समद्या तुमीच दिलेल्या. त्यात ते गातेत निस्ते. बोलत न्हाईत कुठं." त्यानं टेपकडं बोट केलं. "सिंधे म्हनले बघा. मला बी आसंच. संज्या, उभा ऱ्हा. फटका द्यायच्या आदी."

"मग छापायचं काय?"

"त्यांनीच माईकवर सांगितलंय, मी मधी कोन? शब्द तिचं लिवा. चाल त्यांची हाय, ती बी लिवा. ती बी त्यांनीच सांगितलीय."

"लिवतो."

"आन हे मला पाठवा. गाणं नगं, गाणं हाय माझ्याकडं. ह्ये मधलं बोलनं पाठवा."

माणिकरावांनी पंचवीस सेकंदांचा तुकडा कापून पाठवला. वहीत अशा तुकड्यासाठी रकाना नव्हता.

एका गाण्याचा प्रश्न मिटला. बाकीच्या तीन हजारांवर गाण्यांचा तसाच राहिला. गुरुवारी संध्याकाळी वनितानं सुचवलं की सहाव्या रकान्याचं नाव बदलून "छाप" करावं, कारण त्यात तेवढंच आहे, आणि शेजारी "शब्द" असा नवा रकाना घ्यावा. जिथं माहीत आहे तिथं नाव, बाकी रिकामं.

"तीन हजार रिकाम्या जागा छापायच्या?" माणिकराव म्हणाले. "लोक म्हनतील, सात वर्षं काय करत व्हता."

"तीन हजार भरलेल्या जागा चुकीच्या असतील तर काय म्हणतील?"

"बावीस वर्षं खिडकीत बसलो मी. 'माहीत न्हाई' आसं कुनाला सांगितलं न्हाई."

"चुकीच्या गाडीत कधी बसवलं का कुणाला?"

"एकदा. परळीच्या बाईला बीडच्या गाडीत."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी येऊन तिनं आख्ख्या स्थानकासमोर माजी आय-माय काढली," माणिकराव म्हणाले, आणि नवा रकाना मंजूर झाला.

रिकामी जागा कोरी न सोडता तिथं टिंबांची ओळ छापायचं ठरलं, म्हणजे त्या गावातल्या माहीतगाराला पेनानं नाव लिहिता येईल. पुस्तकाच्या पहिल्या पानावर चार ओळी वाढल्या. त्या माणिकरावांनी स्वतः लिहिल्या आणि वनिताला एक शब्दही बदलू दिला नाही: "या सूचीतील पाचशे एकाहत्तर कॅसेटी मी भरल्या. भरताना गाण्यांमधलं बोलणं मी गाळलं. गाणं कुणाचं हे त्या बोलण्यात सांगितलेलं असे. ज्यांना माहीत आहे त्यांनी टिंबांवर लिहावं व फोन करावा. माणिकराव उजगरे."

शुक्रवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी तलवाड्याला फोन लावला.

"आक्का, सापडलं."

"काय सापडलं?"

"बंकटचं बोलणं. तुमचं नाव घेतलंय त्यांनी."

"ते मला ठावंच व्हतं. तुमाला सापडलं म्हना."

"मलाच सापडलं. छापतो आता. शब्द, सिंधुबाई मस्के, तलवाडा."

"निस्तं तलवाडा नगं. माहेर सिरसाळा, सासर तलवाडा, आसं दोनी लिवा. न्हाईतर हे म्हनतील आमची, ते म्हनतील आमची. पुन्ना तुमच्या विहारात बैठक."

"लिवतो दोनी."

"आन आनखी पाच गाणी हायत माजी. तीन बंकटभाऊच्या पार्टीत, दोन दुसऱ्याच्या. राजश्रीला पयल्या ओळी सांगते, ती धाडंल."

"धाडा. पुरावा..." माणिकराव बोलता बोलता थांबले. "आयकून बघतो म्हनलो."

"आयका. आन दादा, बटण दाबनाऱ्याचं नाव कुठं छापनार?"

"पयल्या पानावर."

"मंग बरं हाय," सिंधुबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या दिवशी दुपारपर्यंत पहिल्या ओळी आल्या. पाचांपैकी चार वहीत होत्या, चारींपुढं पार्टीवाल्यांची नावं होती. बडबडीच्या पेटीत त्यांतल्या एकाबद्दलच काही मिळालं. त्या एकापुढं नाव गेलं. उरलेल्या तिन्हींपुढं टिंबं राहिली. सिंधुबाईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, मी माज्या प्रतीत लिवीन. आता येतं मला." पेटीतल्या जेवढ्या कॅसेटी शुक्रवार रात्रीपर्यंत ऐकून झाल्या, त्यांतून सगळी मिळून अकरा नावं निघाली. पेटीवरचा शब्द माणिकरावांनी खोडला. नवीन काय लिहायचं ते सुचलं नाही, तेव्हा त्यांनी तेवीसही कॅसेटींना पुढचे क्रमांक टाकले आणि त्या मांडणीवर चढवल्या.

शनिवारी साडेअकरा वाजता पानं माजलगावच्या छापखान्यात पोहोचली. एकशे शहाण्णव पानं होती, आधीच्या हिशोबापेक्षा बारा जास्त. चौतिसाव्या पानावर सहाशे सतरा क्रमांकाची नोंद अशी आहे: सिरसाळा, ११ मे १९८६. खडी फोडिता फोडिता अक्षर मोजिते. शब्द, सिंधुबाई मस्के, माहेर सिरसाळा, सासर तलवाडा. चाल आणि छाप, शाहीर बंकट. काय म्हणून विचारतात, खडीचं.

परत आल्यावर माणिकरावांनी आणि वनितानं, टिंबांवरची नावं कुणाला विचारता येतील त्यांची, आणखी एक यादी केली. १९७९ ते २००३ या काळात या पार्ट्यांत गाणारे, झील धरणारे, पेटी आणि ढोलकी वाजवणारे, त्यांतले आज हयात असलेले. सतरा नावं निघाली. गावांप्रमाणे लावली असती तर फेऱ्या कमी पडल्या असत्या. वनितानं वयाप्रमाणे लावली, सगळ्यात म्हातारा पहिला. माणिकरावांनी कारण विचारलं नाही.

यादीत पहिले आहेत सिरसाळ्याचे धुळाजी. वय शहाऐंशी, शाहीर बंकट यांचे ढोलकीवाले, एका कानानं ऐकू येतं. उद्या रविवार आहे. शाळेला सुट्टी, म्हणून आठ ते दहा फोन वनिता घेईल. माणिकराव सातच्या गाडीनं सिरसाळ्याला जातील. धुळाजी बारा वाजता जेवून झोपतात, त्यामुळं भेट साडेआठ ते साडेअकरा अशी ठरली आहे.